स्वच्छ पाणी येईपर्यंत

"काका, हे दुखणं तुम्हाला आंघोळीनं आलंय," त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी चक्क हसलो. अंगात ताप होता, डावा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल होऊन सुजला होता, तरी हसू आलं. दारूनं, तंबाखूनं, उघड्यावरचं खाऊन माणसं आजारी पडतात हे ऐकून होतो. आंघोळीनं आजारी पडलेला आमच्या खानदानात मीच पहिला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी केसपेपरवर दोन शब्द लिहिले आणि मला समजावून सांगितले. पहिला एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून, सुजून तिला भेगा पडणं. दुसरा सेल्युलायटिस, म्हणजे त्या भेगांतून जंतू आत शिरून कातडीच्या खालच्या थरांत पसरणं. "पहिला तुमी स्वतः तयार केला, दुसरा त्याच्या मागून आला," असं म्हणून त्यांनी मला भरती करून घेतलं.

मी डॉक्टर नाही. हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या अंगाला खाज सुटली की जे आधी बादली भरायला उठतात. त्यांनी थोडा वेळ बसून हे वाचावं, मग वाटलं तर उठावं.

इंदूरच्या एका कापडमिलमध्ये मी सव्वीस वर्षं काम केलं. माझं खातं कार्डिंगचं, म्हणजे जिथं रुई पिंजून तिचा पेळू करतात. हवेत इतके तंतू असायचे की पाळी संपेपर्यंत भुवया पांढऱ्या व्हायच्या. त्यावर मशीनचं तेल. साडेतीनला भोंगा वाजला की माझी बायको नलिनी घरी स्टोव्हवर पाणी ठेवायची. मी पायी दहा मिनिटांत पोचायचो आणि मागच्या दारानं थेट मोरीत जायचो.

अंगाच्या साबणानं ते तेल निघत नसे. म्हणून आम्ही मिलवाले कपडे धुवायची पिवळी वडी वापरायचो आणि नारळाच्या शेंडीनं घासायचो. पाणी आधी पांढरट वाहायचं, मग काळपट, मग स्वच्छ. स्वच्छ पाणी आलं की आंघोळ झाली, हा आमच्या खात्याचा नियम होता. नवीन माणसाला मशीन शिकवायच्या आधी हे शिकवायचे.

माझी मुलगी वंदना लहान असताना भोंगा ऐकून मागच्या दारात येऊन उभी राहायची. मला बिलगायला धावली की मी ओरडायचो, "थांब बिट्टो, हात नको लावू, नहाऊन येतो!" ती दोन्ही हात पाठीमागे बांधून मोरीच्या दाराशी थांबायची. आंघोळ लांबली की तिथंच पेंगायची. माझं तिला उचलून घेणं रोज असं पाण्यावर अडलेलं असायचं.

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप लागलं. वर्तमानपत्रात येत होतं की देशाची दारं उघडली, पीथमपूरला नवे कारखाने आले. आमचं दार मात्र बंद झालं होतं. आम्ही तरीही सकाळी डबा घेऊन फाटकावर जायचो, कडुनिंबाखाली बसायचो, मिल पुन्हा सुरू होण्याच्या बातम्या एकमेकांना सांगायचो आणि साडेतीनला उठायचो. घरी आलो की स्टोव्हवर पाणी तयार असायचं. पाणी आहे म्हटल्यावर मी आंघोळ करायचो.

आता गंमत पाहा. अंगावर रुई नव्हती, तेल नव्हतं, त्यामुळे पाणी पहिल्याच तांब्याला स्वच्छ यायचं. मग थांबायचं कधी? सव्वीस वर्षांची सवय असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मी तीच पिवळी वडी, तीच शेंडी घेऊन घासत बसायचो. सकाळची पूजेआधीची आंघोळ वेगळीच. पूजेत खंड नाही, तसा हिच्यातही नाही.

पहिल्या हिवाळ्यात नडग्यांवर पांढरा कोंडा दिसायला लागला. मग खाज. फाटकावर माझा जोडीदार रामदीन म्हणाला, "भिया, मैल जमा है. दो टाइम रगड़ के नहाओ, सब निकल जाएगा." गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खरूज असेल म्हणून एक पांढरं औषध अंगाला लावायला दिलं आणि विचारलं, "रोज नहाते हो ना?" मला तो अपमान वाटला. मी नुसतं "हो" म्हणालो. किती वेळा आणि कशानं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी आंघोळी वाढवल्या. तीन झाल्या, चार झाल्या. पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला. पाणी जितकं कढत, तितकं त्या वेळी बरं वाटायचं, खाज घटकाभर मरायची आणि मग दुप्पट जोरानं यायची. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं. शेजारीपाजारी पिण्याच्या पाण्यासाठी भांडी मांडायचे आणि मी हँडपंपावर बादल्या भरत असायचो. "अहो, मागच्या जन्मी म्हैस होता का तुमी?" असं नलिनी विचारायची. पण साडेतीनला पाणी तीच ठेवायची.

दुसऱ्या हिवाळ्यात डाव्या घोट्याजवळ भेग पडली. तिच्यातून पाणी यायला लागलं. एका सकाळी थंडी वाजून ताप भरला आणि पाय टेकवेना. नलिनीनं रिक्षा आणली आणि आम्ही मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो.

मी हसलो त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. बाहेरच्या बाकावर दोन तास बसल्यावर आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाई वयानं वंदनाएवढ्याच, इंदूरच्याच. त्यांनी पाय पाहिला, दुसरा पाय पाहिला, हात पाहिले आणि विचारलं, "काका, दिवसातून किती वेळा नहाता?"

"दोनदा," मी म्हणालो.

"अहो, सच-सच सांगा ना डॉक्टरीणजींना!" नलिनी म्हणाली. "चारदा नहातात, कधी पाच. अन् कपड्याच्या साबणानं."

माणूस खोटं बोलताना पकडला जातो तेव्हा निदान गुन्हा तरी मोठा असावा. मी खाली मान घालून तो भोंगा, रुई आणि स्वच्छ पाण्याचा नियम सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण काका, आता तर अंगावर रुई नाही ना? मग तुमी धुताय काय?"

त्यावरच त्या ते आंघोळीचं वाक्य बोलल्या आणि मी हसलो.

वॉर्डात त्यांनी निळ्या बॉलपेननं माझ्या पोटरीवर लालीच्या कडेनं रेघ ओढली. म्हणाल्या, "लाली या रेघेच्या आत राहिली तर औषध चाललंय. वर सरकली तर औषध बदलू. तरी थांबली नाही तर मग सर्जनना बोलवावं लागेल." रक्त तपासायला नेलं, साखरही पाहिली, कारण मधुमेह असला तर असे पाय लवकर बिघडतात. साखर ठीक निघाली. सलाईनमधून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचं औषध सुरू झालं आणि पाय दोन उशांवर उंच ठेवला.

मी त्या रेघेकडे पाहत पडून राहिलो. बावन्न वर्षांचा, मिल गेलेला माणूस. हातपाय धड असले तर कुठं चौकीदारी तरी मिळेल, हा एवढाच हिशेब माझ्याजवळ उरला होता. पाय गेला तर नलिनीवर माझा भार पडणार होता. मला भीती वाटत होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या दोन बोटं वर गेली. बाईंनी औषध बदललं आणि वर दुसरी रेघ ओढली.

सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर ते आंघोळ बंद असणं. नर्स ओल्या फडक्यानं अंग पुसायची, बस. तिसऱ्या दिवशी नलिनी सकाळीच खजरान्याच्या गणपतीला जाऊन आली आणि लाडवाचा प्रसाद घेऊन आली. मी हात मागे घेतला. तीन दिवसांचा पारोसा माणूस, प्रसादाला कसा शिवणार?

"गणपतीला माहीत आहे तुमी कुठं आहात ते," ती म्हणाली आणि तिनं लाडूचा तुकडा माझ्या तोंडात घातला. शेजारच्या खाटेवरचे बाबूजी टाळ्या वाजवून हसले. त्या दुपारी लाली दुसऱ्या रेघेशी थांबलेली होती. मी याचा त्याच्याशी संबंध लावत नाही, औषध बदललेलं होतंच. पण त्या लाडवाची चव अजून आठवते.

संध्याकाळच्या राउंडला बाईंनी माझा साबण पाहायला मागवला होता. नलिनीनं पिवळी वडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. बाईंनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "ही सुती चादरीसाठी ठीक आहे. कातडीला स्वतःचं तेल असतं, काका. ते भेगा पडू देत नाही. तुमी दिवसातून पाच वेळा ते घासून काढलं." एवढं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत त्याच साबणानं काही झालं नव्हतं, कारण तेव्हा त्या साबणाची आंघोळ दिवसातून एकच असायची, वर मशीनचं तेल असायचं आणि वयही कमी होतं.

त्या गेल्यावर नलिनी वडी पुन्हा कागदात बांधत होती. बांधता बांधता म्हणाली, "चूक माझीपण आहे. भोंगा बंद झाला त्या दिवशी मी घड्याळ पाहून पाणी ठेवलं. मला वाटलं, घरी येऊन पाणी नाही दिसलं तर तुमाला वाटेल, आता बायकोपण आपल्याला रिकामा समजते."

मी तिला सांगितलं की मी रोज त्या पाण्याकडे पाहून म्हणायचो, हिनं एवढ्या आशेनं ठेवलंय, नाही म्हटलं तर हिचा जीव तुटेल.

दोन वर्षं आम्ही एकमेकांसाठी पाणी तापवत आणि सांडत होतो. आम्ही दोघं हसलो. मग मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मिल गेली त्या दिवशीही मी रडलो नव्हतो.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी लाली फिकी पडून पहिल्या रेघेच्या आत आली. सातव्या दिवशी मला घरी सोडलं. निघताना बाईंनी जे सांगितलं ते इथं लिहितो, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, कारण प्रत्येकाची कातडी वेगळी.

त्या म्हणाल्या, रोज एक आंघोळ पुरे. थंडीत घाम येत नसेल आणि एखाद्या दिवशी नुसतं अंग पुसलं तरी काही बिघडत नाही. पाणी कोमट, वेळ पाच मिनिटं. साधा साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना लावायचा, बाकी अंगाला पाणी बस. घासायचं नाही, पंच्यानं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावायची. आणि हात मात्र दिवसातून कितीही वेळा धुवा, जेवणाआधी, बाहेरून आल्यावर. मी विचारलं, "आणि आंघोळ पुरी झाली हे कळणार कसं?" त्या म्हणाल्या, "घड्याळ पाहा, काका. पाणी नका पाहू."

रामदीन भेटायला आला तेव्हा मी त्याच्या सदऱ्याची बाही वर सारली. त्याच्याही हातांवर तोच कोंडा होता. मी त्याला त्याच दुपारी बाईंकडे पाठवलं. फाटकावरच्या आणखी तिघांचंही तेच निघालं. आमच्यापैकी कुणाला कुणी सांगितलंच नव्हतं की आता थांबायचं.

त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मी कसे मानू? गोळी कुणीही लिहून दिली असती. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत पेन खाली ठेवलं.

महिन्याभरानं वंदना देवासहून आपल्या सात महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. मी फाटकावरून परत आलो, साडेतीन वाजून गेले होते. मागच्या दाराशी हात धुतले आणि आत पाऊल टाकलं. वंदनाच्या कडेवरून पोरीनं माझ्याकडे दोन्ही हात पसरले. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब बिट्टो, नहाऊन येतो."

वंदना जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, मिल बंद झाली."

दोन वर्षांत आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. नलिनी स्टोव्हपाशी होती. स्टोव्हवर चहा होता.

वंदनानं पोरीला माझ्या हातात दिलं. मी तसाच, बाहेरच्या कपड्यांनिशी, उंबऱ्यावर बसलो. पोरीनं माझ्या सदऱ्यात तोंड खुपसलं आणि मूठभर कापड धरून ठेवलं. वंदनाला तिच्या सगळ्या लहानपणी मी थांबायला लावलं होतं. हिला थांबावं लागलं नाही.