भावजींची एकच अट

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगत होतात की यादीतलं सगळं अटीत बसतं का, हे संगणकाला एका ओळीत विचारता येतं. ऐकून मला तुमच्या आजोबांचे आकुर्डीतले मित्र आठवले. मी त्यांना भावजी म्हणत असे. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

‘सगळे’ हा शब्द भावजींइतका मनावर घेणारा माणूस पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. ते कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होते आणि तिथली शिस्त घरी घेऊन येत. एकेक तपासत जायचं, आणि एक जरी अटीत बसलं नाही तर तिथेच थांबून ‘नाही’ म्हणायचं. मंडईत मटारची पहिली किडकी शेंग निघाली की पिशवी खाली. भाजीवाली एकदा वैतागली, “अवो सायेब, बाकीच्या तरी बगा की!”

“कशाला? सगळ्या चांगल्या नाहीत, एवढं कळलं.”

“बायकू बी अशीच पारखली व्हती व्हय?”

“तेव्हा कॉम्प्युटर नव्हता,” भावजी गंभीरपणे म्हणाले. बायको शेजारीच उभी होती. त्या रात्री ते आमच्याकडे जेवले.

लेकीच्या लग्नासाठी त्यांची अट होती, मुलाच्या घरचे सगळे निर्व्यसनी हवेत. एका मुलाचे काका तपकीर ओढत, दुसऱ्याची आजी मिश्री लावे. दोन्ही स्थळं गेली. मग लेकीनेच एक मुलगा सांगितला. कारखान्यात फिटर, स्वतः सुपारीही न खाणारा, पण अनाथाश्रमात वाढलेला. लेकीच्या आईने डोळ्यांना पदर लावला, “अहो, त्याच्या घरचं कोणीच नाही! सणावाराला पोरीनं कुणाच्या पाया पडायचं?” शेजारणींनीही माना डोलावल्या. लेक दोन घास खाईना. आम्ही सगळ्या भावजींच्या तोंडाकडे बघत होतो.

“घरचं कोणी नाही,” ते सावकाश म्हणाले, “म्हणजे अट मोडणारंही कोणी नाही. यादी रिकामी असेल तर उत्तर ‘हो’ येतं. मुलगा पास.”

“अहो, हे काय तुमचं मशिन आहे? पोरीचं लग्न आहे!”

“म्हणूनच नियम बदलत नाही.” मग लेकीकडे बघताना त्यांचा आवाज जरा हलला. “आणि पाया पडायला आपण सगळे आहोत की.”

भावजी जाऊन बरीच वर्षं झाली. लेक-जावई सांगवीला असतात. जावई आता स्वतः आजोबा आहेत. दर दिवाळीला ते माझ्याकडे येतात, आणि गुडघे दुखत असले तरी वाकून नमस्कार करतात.