म्हशीनं ओळखलेले मास्तर

आमच्या भाडेकरू मास्तरांइतका शिकलेला आणि बिनकामाचा माणूस उभ्या भिंगारमध्ये दुसरा झाला नाही. नगरच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे. मी चौथी पास. पण गोठ्यात शेण काढताना मला ते सगळं ऐकावं लागलं. कुणा जर्मन पंडितांचं म्हणणं असं की दगडमाती, झाडं, जनावरं अशा पायऱ्या चढत निसर्गच माणसात येतो आणि स्वतःला ओळखतो. आणि माणसालाही ‘मी’ कळतो तो दुसऱ्यानं ओळख दिल्यावरच! हे सांगताना ते एवढे चेकाळायचे की एकदा भरल्या शेणाच्या पाटीत बसले आणि बोलतच राहिले. रोज संध्याकाळी म्हशीसमोर पाट मांडून तिच्या डोळ्यांत टक लावायचे. “मावशी, ही मला बघते. पण मी तिला बघतोय, हे तिला कळतं का?”

“तिला पेंड कळती. सरका तिकडं.”

बहात्तरच्या दुष्काळात म्हैस गुरांच्या छावणीत ठेवली. घरातलं दूध तिच्या एकटीवर. महिन्यानं आणायला गेले, तर एक बाई दावं धरून बसलेली. “माझी हाय ही! शिंगं बघा की!” भांडण पेटलं. पंचांनी जुनी रीत काढली: दोघींनी समोरासमोर उभं राहून हाक मारायची, म्हैस मध्ये सोडायची, जिच्याकडं जाईल तिची. मी हाक मारली, म्हैस ढिम्म. त्या बाईनं चुचकारलं तशी एक पाऊल तिकडं सरकली. तेवढ्यात सोबत आलेले मास्तर माझ्यामागून ओरडले, “अहो, ती बघतेय!” म्हशीनं मान वळवली, तरातरा आली आणि मास्तरांचा चष्मा चाटला.

“ह्यो कोन मधीच?” ती बाई कडाडली.

पंच म्हणाले, “मास्तर, तुमी कुनाचे?”

“तिनं मला ओळखलं!” मास्तर नाचायलाच लागले.

“आदी कुनाचे ते सांगा!” मी ओरडले.

“मी? मी मावशींचा!”

पंचांनी दावं माझ्या हातात दिलं. घरापर्यंत मास्तर म्हशीकडं तोंड करून उलटे चालत आले. “पुस्तकात चूक आहे, मावशी! ओळख माणसापासून नाही, गोठ्यापासून सुरू होते!”

पुढच्या वर्षी त्यांना लांबच्या गावी नोकरी लागली. पत्रात आधी म्हशीची खुशाली विचारायचे. मी ‘बरी आहे’ एवढंच कळवलं. ते गेल्यावर आठ-दहा दिवस ती संध्याकाळी वैरणीला तोंड न लावता वाटेकडं बघत उभी राहायची, हे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मिळेल त्या गाडीनं आले असते. आता वाटतं, येऊ द्यायला हवं होतं.