पाव्हन्याचा फाटका कान

आधी भिकनभाऊंचं नाव लिहितो, मग बाकीचं. नशिराबादचे भिकनभाऊ पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं आणि माणूस गेल्यावर घरच्यांना लागणारी मोठी तसबीर, ही त्यांची कामं. ते नसते तर मला हे लिहायला बसताच आलं नसतं. आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

दीड महिन्यापूर्वी धुळ्याहून अक्काचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. मी इकडे कोइमतूरला सूतगिरणीत यंत्रांच्या देखभालीवर आहे. पाळी चालू होती, कानात कापसाचे बोळे होते. फोनवर अक्काचं नाव पाहिलं तेव्हाच समजलो. "आबा गेले रे भाऊ," ती म्हणाली, "झोपेतच गेले." मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की चित्र समोर होतं ना? "समोरच होतं." खोटं कशाला लिहू, बाप गेल्याच्या बातमीत मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं ते नंतर, रेल्वेत, शेजारच्या बाईनं काही न विचारता केळं पुढे केलं तेव्हा...

आबा धरणगावला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यावर वॉचमन होते. उभा जन्म फाटकाशी गेला. एका हंगामात कापसाच्या ट्रॅक्टरमागे कुठून तरी एक तांबडा कुत्रा आला. ट्रॅक्टर रिकामा होऊन गेला, कुत्रा राहिला. आबा म्हणाले, "दोन दिनना पाव्हना शे, जाई निंघी." तो पाहुणा नऊ वर्षं राहिला, आणि नाव पाव्हनाच पडलं. आई गेल्यावर घरात तेच दोघं. मी फोन केला की आबांचं बोलणं ठरलेलं, "जेवना का? बरं शे. ठेव." पण फोन बंद करायला ते विसरायचे, आणि मग पलीकडून त्यांचा आवाज यायचा: "पाव्हना, आज वरणच शे. गोड मानी ल्या." मी इतक्या लांब उभा राहून ते ऐकायचो. कधी कधी कुत्र्याचा हेवा वाटायचा, हेही लिहून टाकतो.

गेल्या हिवाळ्यात पाव्हना म्हातारा होऊन मेला. पाठोपाठ आबांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. अक्कानं त्यांना धुळ्याला आपल्या घरी नेलं. तिथे ते कशालाच नाही म्हणत नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटायची. एकदाच काय ते म्हणाले, "पाव्हनाना एखादा फोटू राहता ते बरं व्हतं." डॉक्टरांनी अक्काला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दिवस थोडे आहेत. मला रजा नव्हती. मग माझ्या डोक्यानं एकच घेतलं, की आबांच्या डोळ्यांसमोर पाव्हना आला पाहिजे, आणि तो वेळेत आला पाहिजे.

फोटो शोधला तर सापडला एकच, भाचीच्या लग्नातला. आबा नवी टोपी घालून खुर्चीत आणि खुर्चीमागून अर्धा पाव्हना. एकच कान दिसत होता, धड असलेला. दुसरा फाटका होता, डुकरांशी भांडताना गेला असं आबा सगळ्यांना सांगत, पण तो नेमका खुर्चीआड गेलेला. मग चित्रच काढून घ्यायचं ठरवलं. जिनिंगच्या पाटीवर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "पेंटर भिकन, नशिराबाद" आणि नंबर लिहिलेला होता. मी गावातल्या मित्राला पाठवून तो उतरवून घेतला आणि फोन लावला.

"माणसांची काढतो मी," भिकनभाऊ म्हणाले. "कुत्र्याची अजून कुणी सांगितली नाही. गेलेला आहे का जिवंत?"

"गेला."

"मग जमेल. जिवंताला एका जागी बसवणं अवघड."

दुसऱ्या कानाचं त्यांनी आपण होऊन विचारलं. मी म्हटलं, फाटका होता. तेव्हा त्यांनी धंद्याची रीत सांगितली: गेलेल्याचं चित्र काढताना त्याचं दुखणं काढून टाकायचं असतं. मिटलेले डोळे उघडायचे, पडलेले दात भरायचे, बोडक्या डोक्यावर टोपी द्यायची. "एका आजोबांचा तर मोडका चष्मा मी नवा करून दिला," ते म्हणाले, "जिवंतपणी पोरांनी दिला नव्हता." मी हसलो आणि म्हटलं, मग कानही नीट काढा. हे माझं चुकलं. मला वाटलं, आबांना बरं वाटेल.

चित्र धुळ्याला पोचलं. अक्कानं मला व्हिडिओवर घेतलं आणि ते आबांसमोर धरलं. चित्र फार सुंदर उतरलं होतं, तांबड्या केसांवर ऊन पडलेलं, दोन्ही कान ताठ. आबांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चांगला कुत्रा शे. कोना शे?"

अक्का म्हणाली, "आबा, हाऊ आपला पाव्हना."

"नही. पाव्हनाना कान फाटेल व्हता." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला. दिवस थोडे, आणि जे एक करायचं होतं तेही मी बिघडवून ठेवलेलं. घाबरत घाबरत भिकनभाऊंना फोन लावला. वाटलं, चिडतील, सांगितलं तसं काढलं म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती फाटलेला होता?" मला सांगता येईना. वर्षाला आठ दिवस घरी जाणारा माणूस मी, कुत्र्याचा कान कुठवर फाटलाय हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. "मग तुम्हाला विचारून उपयोग नाही," ते म्हणाले, "त्यांनाच विचारतो."

दुसऱ्या दिवशी ते रंगांची पिशवी घेऊन एसटीनं धुळ्याला गेले. मी बोलावलं नव्हतं. अक्कानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, मी कँटीनच्या मागे उभा राहून पाहत होतो. भिकनभाऊ जमिनीवर मांडी घालून बसले, चित्र खाटेच्या पायाला टेकवलेलं, आणि आबा कुशीवर वळून सांगत होते.

"अजून खाले. अजून."

"आबा, एवढा फाटका बरा नाही दिसणार."

"बरा दिसाले नको काढू भाऊ. व्हता तसा काढ."

भिकनभाऊ कुंचला चालवता चालवता सहज बोलले, "डुक्कर भारी होतं म्हणा की." खाणाखुणा करणारं आबांचं बोट हवेतच थांबलं. मला वाटलं, नेट गेलं... मग म्हणाले, "डुक्कर नव्हतं. ट्रॅक्टर मझार उना, मी घाईमा फाटक लोटं. तो मांगेच व्हता. मना हातघाई फाटना तो कान." स्वतःच्या हातानं लोटलेल्या फाटकात. इतकी वर्षं त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, अक्काला नाही, मला तर नाहीच. पुढे म्हणाले, "तरी सांजले मना पायजवळच येई बसना."

अक्का पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. भिकनभाऊंनी समजूत घातली नाही, जाऊ द्या म्हटलं नाही. त्यांनी बारीक कुंचला घेतला, कानाची फाटलेली कड पुन्हा एकदा ओढली आणि विचारलं, "असा?"

आबांनी बोट लांब करून ओल्या रंगाला अगदी थोडं लावलं. "हां. आते वळखू येस." मग तांब्याकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहून म्हणाले, "हाऊ पोऱ्या तठे बसीसन कान सुधारस." तिकडे सगळे हसले. मीही हसलो, आणि छातीवरून काहीतरी उतरलं. बोटावरचा तांबडा रंग आबांनी दोन दिवस पुसू दिला नाही, असं अक्का सांगते. त्या दुपारी त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी खाल्ली. त्यानंतर अठरा दिवस ते होते. चित्र पायांच्या बाजूला लावलं होतं, आणि फोन बंद करायला ते पुन्हा विसरू लागले. पलीकडून मला ऐकू यायचं: "पाव्हना, डॉक्टर काय बोलना ते तू काही मनवर लेऊ नको."

मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. खाट उभी करून ठेवलेली. चित्र मात्र तिथेच, तितक्याच खाली, निजलेल्या माणसाला दिसेल असं. अक्का ते वर लावू देत नाही. झाडताना म्हणते, "पाव्हना, सरका."

भिकनभाऊंना भेटायला मी नशिराबादला गेलो होतो. हात जोडले तर म्हणाले, "काम आमचंच राहिलं होतं भाऊ, त्यात काय." घरात ते एकटेच असतात, मुलगा दूर कुठे तरी नोकरीला. त्यांना शंभर वर्षं मिळोत. पण भिकनभाऊ, कधी दुखण्यानं खाटेला खिळलात तर एक फोन करा. माझ्या बापाजवळ तुम्ही मांडी घालून बसलात तेव्हा मी तांब्याला टेकलेला होतो. तुमच्या वेळेला रजा मिळो न मिळो, मी येईन आणि तुमच्या खाटेशी जमिनीवर बसेन.