तांबड्या खुणेच्या वर

माझ्या आईनं चांदीच्या पेल्याला तोंड लावलं आणि पंचसाहेबांनी तो तिच्या ओठांवरून ओढून घेतला.

ओढून घेतला. दुसरा शब्द नाही. तिच्या हनुवटीवर द्राक्षरसाचा ओघळ आला. ती गुडघ्यांवर होती, हात तसेच पुढं. जुन्नरच्या आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी पन्नाससाठ माणसं असतील. 

पंचसाहेब म्हणजे पाद्री नसताना आमचं चर्च चालवणारे कारभारी. ते पेला घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले. दार उघडंच होतं, त्यामुळं सगळ्यांना दिसलं. त्यांनी पेल्यातला रस करंजाच्या बुंध्याशी ओतला. पाद्रीसाहेबांच्या चहासाठी तिथं चूल पेटायची, तिच्यातली राख घेतली. पेला आतून-बाहेरून घासला, तीनदा विसळला, रुमालानं पुसला आणि आत आले.

तो रस म्हणजे प्रभूचं रक्त, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. आईचं तोंड लागलं म्हणून ते रक्त त्यांनी करंजाला घातलं.

पाद्रीसाहेब त्या वेळी नवीन होते. पुण्याहून तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, द्यायला यायचे, आणि ही त्यांची पहिलीच खेप. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला इथली पद्धत ठाऊक नव्हती."

आईला नव्हे, पंचसाहेबांना म्हणाले.

पद्धत अशी होती. पुढं बाकं. बाकांवर पंचसाहेबांचं घर, त्यांचे सोयरे, शाळेचे हेडमास्तर. त्यांना चांदीचा पेला. मागं सतरंजी. सतरंजीवर आम्ही. आमच्यासाठी इनॅमलचा पेला, निळ्या काठाचा, एका जागी टवका उडालेला. बाकं संपली की पंचसाहेब पाद्रीसाहेबांच्या हातातला चांदीचा पेला घेत आणि इनॅमलचा देत. त्या दिवशी त्यांना उठायला जरा उशीर झाला आणि नव्या माणसानं हातातलाच पेला पुढं केला. चूक इतकीच. पंचसाहेबांचे आजे जानव्यासकट ख्रिस्ती झाले होते, असं माझा बाप हसून सांगायचा. नातवाच्या अंगावर ते जानवं मला त्या दिवशी दिसलं.

आणखी एक सांगायला पाहिजे, कारण ते न सांगता बाकीचं सांगणं ढोंग होईल. सतरंजीवरही रांग होती. आम्ही महार आधी. शेवटी सखू. सखू मांगाची, चर्च झाडायची. तिच्यानंतर कुणीच नसे. मी कितीतरी वेळा पाहिलं होतं की ती ओठ न टेकवता रस वरून तोंडात ओतते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, बरंच वाटायचं. आपल्यामागं कुणीतरी आहे म्हणून.

मी बायबलबाई होते. मिशनची पगारी बाई, गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. शाळेत फायनलपर्यंत, म्हणजे सातवी, शिकले, तेवीस-चोविसाव्या वर्षी विधवा झाले, आणि पिशवीत पुस्तक घालून चालायला लागले. वारूळवाडीला बायका शेंगा फोडत बसायच्या, मी वाचायचे. आंबेगावच्या बाजूला आईच्या माहेरच्या गावी जायचे. एकदा आहुप्यापर्यंत चढून गेले, तर तिथल्या बाया माझ्या पुस्तकापेक्षा माझ्या चपलांकडंच बघत राहिल्या. मला हे काम लई आवडायचं. पुस्तक उघडलं की पाटलीणबाईसुद्धा गप्प बसायची.

पण काय वाचायचं हे पंचसाहेब ठरवत. चर्चमधल्या मोठ्या बायबलात त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. इथून सुरू, इथं थांबायचं. त्या खुणा मी माझ्या पुस्तकात उतरवून घेतल्या होत्या. मोठ्या हौसेनं, पट्टी लावून. बारा वर्षं मी खुणेपासून खुणेपर्यंत वाचत आले. खुणेच्या वर काय आहे, हे बघायचं मला कधी सुचलं नाही. कुणी मना केलं नव्हतं. सुचलंच नाही.

पुढच्या रविवारी पंचसाहेबांनी उपदेश केला. पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पत्र. खूण केलेला भाग मला पाठ होता. लायकी नसताना जो हा पेला पितो तो स्वतःचा दंड पितो, आणि म्हणूनच तुमच्यातले कित्येक आजारी आहेत, कित्येक मेले. पंचसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि सतरंजीकडं बघितलं.

"ही शिक्षा मी देत नाही," ते म्हणाले. "शास्त्र देतं. ज्याला झेपेल तेवढंच त्यानं प्यावं."

आईला घरी येईतो कापरं भरलं. संध्याकाळी ताप. आमची खोली मिशनच्या आवाराच्या टोकाला, दफनभूमीच्या भिंतीला लागून. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दवाखान्यातली नर्स येऊन गेली, हिवताप म्हणाली, गोळ्या दिल्या. आईनं गोळ्या उशाखाली ठेवल्या.

"आये, गोळी घे."

"गोळीनं काय व्हतंय? म्या दंड प्याले."

"कसला दंड?"

"तूच वाचतीस की गं. आजारी पडत्यात. मरत्यात." मग म्हणाली, "चांदीचा व्हता ना पेला, लई गार लागला व्हटाला."

त्या दिवसापासून ती खायची कमी झाली. दोन घास, मग एक. दिवसाआड ताप यायचा. ती रडत नव्हती, याचीच मला भीती वाटत होती. न्यायाधीशानं निकाल दिल्यावर माणूस जसा निवांत होतो, तशी ती निवांत झाली होती. लहानपणी मेलेलं ढोर ओढलेली, दुष्काळात पाला खाऊन जगलेली माझी आई एका ओळीनं मरायला लागली होती. आणि ती ओळ तिला मीच वाचून दाखवलेली होती. एकदा नाही, दहादा.

आईचं एक जुनं बायबल होतं. तिच्या बापाचं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते उशाशी असायचं. त्याची पाठ सुटली होती, पानं निखळली होती. तिच्या मनाला बरं वाटेल म्हणून मी ते बांधायला नेलं. गावात एक मुसलमान चाचा वह्या-पुस्तकं बांधायचे, त्यांच्या घराण्यात पूर्वी कागद करायचा धंदा होता. कुराण असो, पोथी असो, वाण्याची वही असो, हात धुऊनच ते पुस्तकाला हात लावायचे. मी माझं नव्या भाषांतराचं बायबलही सोबत नेलं होतं. त्याचाही पुठ्ठा सैल झाला होता.

चाचांनी जुन्याची पानं जमिनीवर फडक्यावर मांडली. काही पानांचे आकडे झिजले होते.

"बाई, ह्या पानाचं फुडचं पान कोनचं? तुमच्या नव्या बुकात बघून सांगा."

म्हणून मी दोन्ही समोरासमोर ठेवून वाचायला लागले. जुन्याची भाषा जड, पंडिती. नव्याची आपल्या बोलण्याजवळची. एकात वाचलं तर वाटावं माणूसच नालायक. दुसऱ्यात वाचलं तर वाटावं माणूस नव्हे, त्याचं वागणं. गंमत वाटत होती. असं करत करत करिंथकरांचं पान आलं. पुढचं-मागचं जुळवायचं होतं, म्हणून मला खुणेच्या वरून वाचावं लागलं.

मी खुणेवर बोट ठेवलं आणि वरच्या ओळी पुन्हा वाचल्या.

वर लिहिलं होतं की तुम्ही प्रभुभोजनाला जमता, पण जो तो आपलंच आधी खाऊन घेतो. कुणी उपाशी राहतो, कुणी पिऊन झिंगतो. तुम्हाला घरं नाहीत काय? ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? पौल रागावला होता. बाकांवरच्यांवर रागावला होता. दंड, आजार, मरण, सगळं त्यांच्यासाठी होतं. आणि शेवटी, खालच्या खुणेच्याही खाली, एकमेकांसाठी थांबा असं होतं. मी जुन्यात पाहिलं. शब्द वेगळे, थप्पड तीच.

"काय झालं, बाई?" चाचा म्हणाले. "पान गहाळ हाय का?"

"न्हाई चाचा. हाय. व्हतं इथंच."

दोन्ही पुस्तकं बांधून आणली त्या दुपारी आईशेजारी बसून मी नव्यातून वाचलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

"त्ये तुज्या नव्या बुकात आसंल. साहेबलोकांनी बदाललं आसंल. माज्या बापाच्या बुकात न्हाई."

मग मी तिच्या बापाचं पुस्तक उघडलं. नव्या शिवणीचं, खळीचा वास येणारं. ती जड भाषा तिला माझ्यापेक्षा जवळची होती, तिच्या बापानं तीच वाचून दाखवली होती. मी वरपासून वाचलं. गरिबांना लाजवण्याचा भाग आला तशी तिनं मान वळवली. शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं आता ती हसेल, पाणी मागेल.

ती म्हणाली, "मंग आजवर का वाचलं न्हाईस?"

  खूण होती म्हणून? बारा वर्षं मी बायकांना भीती वाचून दाखवली आणि त्याच ओळींच्या वर लिहिलेला पौलाचा राग झाकून ठेवला. पंचसाहेबांनी पेन्सिल फिरवली, पण ती गावोगाव मी नेली. सखूचं काय? तिला मी काय वाचून दाखवलं होतं?

आईनं उशाखालची गोळी काढली आणि तोंडात टाकली. मग म्हणाली, "मला वाचून काय उपेग? तितं वाच."

पण तिची तब्येत उतरतच गेली. मन सावरलं, पण तोवर शरीर खचलं होतं. नर्स आता गोळ्यांबद्दल बोलत नव्हती, नुसती नाडी बघून जायची.

तीन महिने भरले. पाद्रीसाहेब आले. मेजावर दोन्ही पेले मांडलेले, चांदीचा पुढं, इनॅमलचा रुमालाखाली. हेडमास्तर पाठ वाचायला उठले. त्यांनी तांबडी खूण शोधायला बोट फिरवलं, तेवढ्यात मी सतरंजीवरून उभी राहिले. आमच्या चर्चमध्ये बाईनं कधी वाचलं नव्हतं. सतरंजीवरच्या कुणीच वाचलं नव्हतं. माझ्या हातात आजोबांचं पुस्तक होतं. मी वरपासून वाचायला लागले.

आवाज पहिल्या बाकापर्यंत गेला. गावोगाव फिरून कमावलेला आवाज होता तो.

पंचसाहेब उठले. "खाली बस. आजचा पाठ खुणेपासून आहे."

"खूण तुमी केली, पंचसायेब. बुकात न्हाई."

"अर्थ लावायला शिक्षण लागतं. तू सातवी शिकलेली बाई."

"अर्थ न्हाई लावत. वाचतीया."

आणि वाचलं. उपाशी राहणाऱ्याचं वाचलं, लाजवणाऱ्यांचं वाचलं, मग दंडाचं वाचलं, आणि ते वाचताना मी बाकांकडं बघितलं. हेडमास्तरांची बायको पदराशी चाळा करत होती. पाद्रीसाहेबांच्या कपाळाला घाम फुटला होता. एकमेकांसाठी थांबा, इथं मी थांबले.

पंचसाहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं होतं. ते सतरंजीच्या कडेपर्यंत आले आणि फक्त मला ऐकू जावं म्हणून हळू बोलले.

"आज संध्याकाळपासून तू बायबलबाई नाहीस. आणि तुझी आई आता किती दिवसांची आहे, मला माहीत आहे. दफनभूमीची किल्ली माझ्या कमरेला असते. त्या दिवशी येशील तेव्हा बोलू."

प्रभुभोजन सुरू झालं. चांदीचा पेला बाकांवरून फिरला. पाद्रीसाहेबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, मग मान खाली घालून इनॅमलचा पेला हातात घेतला. आता त्यांना पद्धत ठाऊक झाली होती. मी पुढं गेले नाही. माझ्यामागं सतरंजीवरचे दोघंतिघं घुटमळले, मग गेले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांची माणसंही त्याच भिंतीआड पुरायची होती. सखू मात्र गेली नाही. ती जागेवर बसून राहिली.

घरी आले. आई जागी होती.

"वाचलंस?"

"वाचलं."

"कुठनं?"

"वरनं."

तिनं डोळे मिटले. किल्लीचं मी तिला सांगितलं नाही. पण आमच्या खोलीच्या खिडकीतून ती भिंत दिसते, आणि आई रोज तिकडंच बघत पडायची. तिला न सांगता कळलं असणार.

ऊन उतरल्यावर दारात सखू आली. खांद्यावर पहार. नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"बाय, ही पहार माज्या घरातली हाय. पंचसायेब तुज्या कानाशी बोलले त्ये म्या ऐकलं. म्या त्या भिंतीला दर साली सारवन घालती. मला ठाव हाय, मागल्या अंगाला निस्ती माती हाय, दगूड न्हाई."

मी म्हणाले, "आत ये, सखू."

ती हलली नाही. इतक्या वर्षांत हा शब्द मी तिला पहिल्यांदा म्हणत होते, तिनं का हलावं? मी उठले, तिचा हात धरून आत आणलं. माठातलं पाणी माझ्या तांब्यात घेऊन दिलं. ती सवयीनं वरून ओतायला लागली. मी तिचा हात खाली केला. ती तांब्याला तोंड लावून प्याली, मग मी त्याच तांब्यातून प्याले. आईनं हात पुढं केला. तिलाही पाजलं. करंजाला काही ओतलं नाही.

मग मी पहार दाराआड उभी केली. पंचसाहेबांच्या दारात मी जाणार नाही. किल्ली मागणार नाही. माफी मागणार नाही. तो दिवस येईल तेव्हा भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, मागल्या अंगानं भिंत पाडीन आणि आईला आत नेईन, आणि तिच्या बापाचं पुस्तक उघडून पहिल्या ओळीपासून वाचीन. कुणी सोबत आलं तर आलं. माझ्या पुस्तकातल्या तांबड्या पेन्सिलीच्या सगळ्या खुणा मी त्याच संध्याकाळी पावाच्या तुकड्यानं घासून काढल्या. कुलूप फाटकाला आहे. भिंत मातीची आहे.