शिंगाळ्याचा काटा

डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत मी आपटले, हे मला आणि आईला सोडून अर्नाळ्यात कुणालाच माहीत नव्हतं. आई मासळीबाजारात बसायची, आणि निकाल लागायच्या आधीच तिनं साऱ्या बाजाराला सांगून टाकलं होतं, "माझी पोरगी डॉक्टर होनार." झालं! तेव्हापासून मी बाजारात पाऊल टाकलं की बायका हाका मारायच्या, "ए डॉक्टरीनबाई, माझा गुडघा बघ गो." मी हसायचे आणि पाय उचलून पुढं निघायचे.

आईचं ठरलेलं होतं, विरारला क्लास लावून परत परीक्षा द्यायची. मला नर्सिंगला जायचं होतं. जागा मिळत होती, मुदत संपायला एकच दिवस उरला होता, आणि आईला सांगायची माझी छाती होत नव्हती. नर्स हा शब्द काढला तरी तिचं तोंड फिरायचं. का, ते ती कधी सांगायची नाही.

त्या सकाळी शेजारची काकी दारात आली, हात पदरात गुंडाळलेला. आदल्या दिवशी मासे निवडताना शिंगाळ्याचा विषारी काटा तळहातात घुसून मोडला होता. हात पावासारखा फुगलेला, लाली मनगटाच्या वर चढलेली.

"काल गरम पान्यात ठेवला, वाटलं उतरंल. दवाखान्यात कशाला जाऊ? आपली डॉक्टरीन हाय ना!"

बाई गं, ही माझ्या भरवशावर थांबली होती! वर आई म्हणते, "बघ ना जरा, एवढी शिकलीस." मी तडकलेच.

"मी डॉक्टर नाय! मार्कच नाय पडले मला. आणि व्हायचंही नाय, मला नर्स व्हायचंय! जागा मिळतेय, उद्या मुदत संपते! आधी हिला दवाखान्यात न्या, हात जाईल तिचा!"

काकी रडायलाच लागली. आईनं धावत जाऊन रिक्षा बोलावली. विरारपर्यंत मी काकीचा हात उंच धरून बसले. "हात कापतील काय गो?" ती सारखी विचारत होती. "मी आहे ना," मी म्हणत होते, आणि दर वळणावर रिक्षावाल्याला 'लवकर चल' म्हणून ओरडत होते.

दवाखान्यात काटा निघाला. हात वाचेल, पण आणखी उशीर नडला असता, असं डॉक्टर म्हणाले. आई येऊन बाकावर माझ्याशेजारी बसली. आता माझी काही धडगत नाही, म्हणून मी मान खाली घातली.

"तुझा बाप आजारी होता ना," ती म्हणाली, "तवा मी नर्सला सारखी विचारत होती, कसा हाय, कसा हाय. ती खेकसली. बाहेर जाऊन बस म्हनाली. मी बसली बाहेर. त्यानं आत एकट्यानंच जीव सोडला."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उद्या तुझ्या नर्सिंगला किती वाजता जायचं हाय?"

मी वेळ सांगितली.

"जाऊ. पन कुनाच्या बायकोला बाहेर बसवू नको."