सिमल्याचा नेचा आणि चिनी गुलाब

"ह्याला झाड म्हणतात?" असं म्हणताना आमच्या शेजारचे काका ओठाचा एक कोपरा वर न्यायचे. काकूंनी रंगाच्या रिकाम्या डब्यात चिनी गुलाब लावला होता, त्याच्याबद्दल हे असायचं. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, त्यामुळे मला ते रोज ऐकावं लागायचं.

काकांनी स्वतः सिमल्याहून नेचा आणलेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते बाटल्या धुवायचे. निवृत्त झाले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. नेच्याला सावली हवी, गारवा हवा, दिवसातून चारदा फवारा हवा, तोही गाळलेल्या पाण्याचा. आणि हे दिव्यात, जिथे नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करतात!

"काका, ह्याला फूल कधी येणार?" मी एकदा मुद्दामच विचारलं.

"नेच्याला फूल येत नसतं. फुलणं हे सामान्य झाडांचं काम."

"मग सामान्यच बरं," काकू आतून म्हणाल्या. "माझं झाड पानातच पाणी साठवतं. कुणाकडे मागत नाही."

खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर पाणी काकूच आणायच्या. काकांनी कधी हंडा उचललेला मी पाहिला नाही. मला त्या माणसाचा मनापासून तिटकारा होता. तुम्हालाही आला असता.

एप्रिलात काकू भरल्या हंड्यासकट जिन्यात घसरल्या. उजवा हात मोडला. दुसऱ्या दिवशी काका मला मधल्या मजल्यावर पायरीवर बसलेले दिसले, शेजारी अर्धी सांडलेली बादली.

"हे ती रोज आणायची?"

"बारा वर्षं," मी म्हणालो, आणि थांबलोही नाही.

पंधरा दिवसांत नेचा करपला. चिनी गुलाब मात्र कुणी न बघताही फुलत होता. मी खोचकपणे नेच्याची चौकशी केली.

"पाणी तिच्या आंघोळीला लागतं," एवढंच म्हणाले.

एका सकाळी त्यांचं दार उघडं होतं. काकू पाटावर, मागे स्टुलावर काका, दातांत रबर धरून वेणी घालत होते.

"अहो, ओढताय!"

"हलू नकोस. पेड सुटतो."

वेणी वाकडी झाली. त्यांनी सोडली, पुन्हा घातली.

मे संपता संपता त्यांच्या मुलीनं दोघांना कोलशेतला आपल्या घरी नेलं. सामान उतरवायला मी गेलो नाही. गॅलरीतून बघत राहिलो. गाडीत बसण्याआधी काकूंच्या चपलेचा पट्टा सुटला. काका भर रस्त्यात खाली बसले आणि तो लावू लागले. खाली बसायला त्यांना बराच वेळ लागला. उठायला त्याहून जास्त.