राखेतल्या खुंट्या

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. वसंता सुतार गेल्याचा फोन आला तेव्हाही टाळलंच असतं. पण आमच्या बोरी अरब गावातल्या शोकसभेत एक म्हातारा ठेकेदार उठून म्हणाला, "वसंताचा हात चांगला होता, पण घाई करे." त्याचं नाव इथं लिहीत नाही. गावाला ते ठाऊक आहे, आणि हे त्यानं चष्मा लावून वाचावं म्हणूनच लिहितो आहे.

वसंता आणि मी एकाच दुकानात राबलो. दाराच्या जोडाला तो खिळा लावत नसे. एका लाकडाची कूस, म्हणजे तासून काढलेलं टोक, दुसऱ्याच्या भोकात बसवायची आणि दोन्हींतून आरपार बांबूची खुंटी ठोकायची. तासलेल्या खुंट्या तो चुलीमागच्या उबदार राखेत वाळायला पुरून ठेवी. मधूनच एखादी काढून फरशीवर टाकायचा. टणकन वाजली तर वापरायची, नाही तर परत राखेत. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी. "मले घाई नाही, अन् खुंटीलेबी नाही," म्हणायचा. असा माणूस म्हणे घाई करायचा...

गावच्या सभागृहाचं मोठं दार आमच्याकडं आलं. खुंट्या राखेत घालून वसंता बहिणीकडं झरी जामणीला गेला. मागून हाच ठेकेदार आला. "पाहुणे उद्या येऊन राह्यले. ठोक त्या खुंट्या."

"ओल्या हायेत, भाऊ."

"दार काय बोंबलून सांगते?"

पुढची सगळी कामं त्याच्याच हातात होती. मी ठोकल्या.

उन्हाळ्यात खुंट्या आकसल्या, जोड उघडले आणि दाराची एक झडप निखळून पडली. "वसंताचं काम हाय हे," ठेकेदार चारचौघांत म्हणाला. वसंतानं पडलेली खुंटी उचलली, भोकात घालून पाहिली. ती खुळखुळत होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तू होता ना इथं? सांग ना गा." मी मान खाली घातली. त्यानंतर त्याला कुणी दार दिलं नाही. मरेपर्यंत तो कुऱ्हाडींना दांडे बसवत राहिला.

तर ठेकेदार, ऐका. हातोडा माझा, हुकूम तुमचा. तुमच्या घराचं जे दार तुम्ही पाहुण्यांना हात फिरवून दाखवता, ते वसंतानं त्याआधी केलेलं आहे. रोज त्यातूनच जा-ये करा. त्याचा जोड सुटायचा नाही. तुम्ही असेपर्यंत तर नाहीच.

शेवटचा भेटलो तेव्हा वसंता खाटेवर बसून खुंट्या तासत होता. "कोनासाठी?" मी विचारलं.

"कोनासाठीच नाही. हाताले सवय."

"वसंता, त्या दाराच्या..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यानं एक खुंटी फरशीवर टाकली होती. "थांब गा, आयकू दे." मी थांबलो, आणि मग थांबलोच.

वसंता गेल्यावर त्या खुंट्यांचा डबा त्याच्या बायकोनं, वहिनींनी, मला दिला. रोज सकाळी एक काढून फरशीवर टाकतो. टणकन वाजते. मग मी सुरू करतो... वसंता, त्या दाराच्या खुंट्या...